टिटवीचं बिऱ्हाड

“नेल्दाकडे असेल,” एबेर म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण हे म्हणालो. झालं होतं ते एवढंच. मंगळवारची सकाळ होती, समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक लाल ओळ होती, पाठीशी नोएलिया काखेत थर्मास आणि हातात येर्बाच्या, म्हणजे तिकडच्या कडू पाल्याच्या चहाची भोपळी घेऊन उभी होती, आणि तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं होतं, “मग शिक्का कुठंय?” आवाजात संशय नव्हता, घाईसुद्धा नव्हती. ऑफिस तिचं होतं, पण ती मालकिणीसारखी कधी विचारत नसे; घरात कात्री कुठं ठेवलीय असं विचारावं तसं तिनं विचारलं. त्यावर ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं, ‘बघतो’ म्हणता आलं असतं, जे खरं होतं तेही म्हणता आलं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं झालं. वर त्यानं पुस्ती जोडली, “ती इथं होती तोवर तिच्याच ताब्यात असायचं ना ते सगळं.” नोएलियानं नळीतून शेवटचा घोट ओढला, रिकाम्या भोपळीतून घरघर आवाज आला. “हां, तिलाच विचारायला हवं,” ती म्हणाली. “शुक्रवारी एकोणतीस तारीख आहे, दर महिन्यासारखी न्योकी खायला येतेच आहे ती. फोनवर नको. फोनवर असलं विचारलं की माणसाला वाटतं, आपल्यावर आळ घेतायत.” मग तिनं भोपळीत गरम पाणी ओतलं आणि ती त्याच्यापुढे धरली. एबेरनं घेतली आणि प्यायला. येर्बा नेहमीइतकीच कडू होती.

ह्या सगळ्या उद्योगाला ऑफिसात ‘बिऱ्हाड हलवणं’ म्हणत. फोनवरची ॲप्स इतकी वर्षं ज्या जुन्या अवजारात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, बसून लिहिली, त्याची देखभाल आता बंद झाली होती, आणि मॉन्टेव्हिडिओतल्याच नव्हे, जगातल्या सगळ्या प्रोग्रामरांना नव्या अवजारात राहायला जाणं भाग होतं. नव्या घरातल्या खोल्यांची रचना वेगळी. चित्रं इथं, मजकूर तिथं, दुसऱ्यांकडून उसनं आणलेलं सामान आणखी तिसरीकडे. जुन्या प्रकल्पाचं एकेक कपाट उघडायचं, काय न्यायचं काय टाकायचं ते ठरवायचं, नव्या जागी मांडायचं, मग सुरू करून बघायचं. एबेर उन्हाळाभर हेच करत होता. औषधांच्या दुकानांचं ॲप हलवलं, बसच्या वेळांचं हलवलं, एका बेकरीचं तर दोनदा हलवलं. शेवटी राहिली होती टिटवी. टिटवी हे नेल्दानं लिहिलेलं ॲप, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी. पडद्यावर चित्रं असतात, पाण्याचं, भाकरीचं, दुखतंय म्हणून रडणाऱ्या चेहऱ्याचं. चित्रावर बोट ठेवलं की घरच्याच कुणाच्या तरी आवाजात ते वाक्य ऐकू येतं. आवाज घरच्यांनीच भरायचे, आणि ते त्या फोनच्याच पोटात राहायचे. आता फोन मात्र विचित्र शिस्तीचा असतो. जुन्या ॲपच्या जागी नवं तो तेव्हाच बसू देतो, जेव्हा दोघांवर एकच शिक्का असेल. शिक्का म्हणजे एक इवलीशी फाइल. ती गेली की गेली. तशीच दुसरी कुणालाही बनवता येत नाही, पहिली ज्यानं बनवली त्यालाही नाही. मग टिटवी कितीही नीट लिहा, फोनच्या लेखी ती परकी. परकीला आत घ्यायचं तर आधी जुनीला हाकलावं लागतं, आणि जुनीबरोबर तिच्यातले सगळे आवाज जातात. लाल ओळ एवढंच सांगत होती, की हा शिक्का तो नव्हे.

तो शिक्का कुठं आहे हे एबेरला पक्कं ठाऊक होतं. तो कुठंच नव्हता. डिसेंबरात नेल्दा निवृत्त झाली तेव्हा ह्याच खोलीत केक कापला होता, आटीव दुधाचा, बोटांना चिकटणारा, आणि त्या गडबडीत एबेरच्या शर्टावर त्याचा एक गोळा सांडला होता. नेल्दानं स्वतःच्या रुमालानं तो पुसला, आणि पुसतापुसता त्याच्या हातात बिस्किटांचा लाल पत्र्याचा डबा दिला. “टिटवीचा शिक्का ह्यात आहे. मशीनवर एक आहे, पण मशीनचा काय भरवसा. डबा टाकू नकोस हं.” एबेरच्या तोंडात केक होता, त्यानं मान हलवली. डब्यात तिची बटणं असायची, सुई-दोरा, रबरबँड, डोकेदुखीच्या गोळ्या, आणि त्या सगळ्याच्या तळाशी तो पेनड्राइव्ह. इथवर सगळं ठीक होतं. मग फेब्रुवारीतली, तिकडच्या ऐन उन्हाळ्यातली एक दुपार आली, पंखा गरम हवाच ढवळत होता, आणि एबेरनं नेल्दाचं मशीन उघडलं. आत एकाखाली एक घड्या घालून ठेवल्यासारखे फोल्डर होते: ‘टिटवी’, ‘टिटवी नवी’, ‘टिटवी नवी खरी’, ‘टिटवी हात लावू नये’. त्यानं ती नावं मोठ्यानं वाचून दाखवली. ब्रूनो आणि इतर पोरं हसली. एबेर चव्वेचाळीस वर्षांचा होता, बाकीचे पंचविशीतले. नेल्दा होती तोवर खोलीतली म्हातारी ती होती, ती गेल्यावर ती जागा रिकामी झाली होती आणि सगळ्यांची नजर हळूहळू एबेरकडे वळत होती. आपण म्हाताऱ्यांच्या पक्षातले नाही हे दाखवायची त्याला घाई झाली होती. “हात लावू नये म्हणे,” तो म्हणाला आणि त्यानं हात लावला. सगळं मशीन त्यानं पुसून कोरं केलं. मग टेबलावरचा डबा उचलून खुळखुळ वाजवला, “पुराणवस्तू,” म्हणाला, आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकला. पोरं पुन्हा हसली.

आता मंगळवारपासून एकच प्रश्न त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. डबा पिशवीत टाकताना नेल्दाचं बोलणं आपल्याला आठवलं होतं का? आठवलं नव्हतं असं म्हणायला त्याला फार आवडलं असतं. विसरला असता तर तो नुसता गाढव ठरला असता, आणि गाढवपणाची लाज काही दिवसांत विरते. पण रात्री कुशीवर वळताना, सकाळी दाढी करताना, बसमधून उतरताना ती दुपार त्याच्यापुढे येऊन उभी राही, आणि डबा हातातून सुटण्याच्या जरा आधी काहीतरी लुकलुकल्याचं त्याला दिसे. तो केक, तो रुमाल. लुकलुकलं होतं, आणि त्यानं ते बाजूला सारलं होतं, कारण पोरं हसायच्या बेतात होती आणि त्यांचं हसू त्याला वाया घालवायचं नव्हतं. पुढं नव्या अवजारानं त्याला आणखी फसवलं. ते काम चालू असताना स्वतःचाच एक तात्पुरता शिक्का मारून देतं, त्यामुळे ऑफिसच्या फोनवर नवी टिटवी छान बोलत होती, चित्रावर बोट ठेवलं की ब्रूनोच्या आवाजात ‘भूक लागली’ म्हणत होती. खरा शिक्का लागतो तो अगदी शेवटी, घराघरांत पाठवताना. म्हणजे इतके दिवस आपण दरवाजा नसलेलं घर सजवत होतो, असं त्याला वाटलं, आणि मग असली वाक्यं सुचतायत ह्याचीही लाज वाटली.

बुधवारी दुरास्नो गावाहून टिटवी वापरणाऱ्या एका बाईंचा फोन आला. त्या अधूनमधून करायच्या. त्यांच्या वडिलांना पक्षाघातानंतर बोलता येत नव्हतं, आणि फोनची नवी आवृत्ती आल्यापासून टिटवीची काही चित्रं मध्येच मुकी होत होती. तेवढ्यासाठीच तर हे बिऱ्हाड घाईनं हलवायचं होतं. “कधी होतंय रे बाळा?” त्या म्हणाल्या. बाईंना त्याचं वय ठाऊक नव्हतं. एबेरनं विचारलं, समजा जुनं काढून नवं बसवावं लागलं, तर आवाज पुन्हा भरता येतील का. पलीकडे कोंबडा आरवला. “माझे भरीन की,” त्या म्हणाल्या. “पण पाण्याचं आणि ‘इकडे ये’चं आईच्या आवाजात आहे. आई ऑगस्टात गेली. बाबा सारखं तेच दाबतात, तहान नसली तरी.” एबेर म्हणाला, बघतो. फोन ठेवल्यावर त्यानं हात धुतले. का धुतले ते त्याचं त्यालाच कळलं नाही. नोएलियाच्या दारापाशी तो जाऊन आला, ती कुणाशी तरी बोलत होती, आणि ती बोलत आहे ह्याचा त्याला केवढा तरी आनंद झाला. गुरुवारी ती मोकळी होती तेव्हा तो दाराकडे गेलाच नाही. शुक्रवारी नेल्दा आली की तिलाच एकटीला गाठून सांगू, तीच समजून घेईल, असं त्यानं ठरवलं. समजून घेणारं माणूस असलं की त्याच्यावर किती ओझं टाकावं ह्याला सुमार राहत नाही.

नेल्दाशेजारी तो अकरा वर्षं बसला होता. ती सरकारी कचेरीतल्या खोलीएवढ्या यंत्रांवर हे काम शिकली होती, आणि प्रोग्राम तयार होईस्तोवर जो वेळ जातो त्यात दातांतल्या दातांत टँगो गुणगुणायची, नेहमी एकच, आणि नेहमी एकाच जागी चुकायची. येर्बाचं पाणी ओतायचं काम तिचंच असे. दुसऱ्यानं ओतलं तर पाला एका बाजूला भिजतो आणि एका बाजूला करपतो, असं तिचं म्हणणं. अशाच एका सकाळी भोपळी त्याच्याकडे देताना तिनं आईबद्दल सांगितलं होतं. आईला विसर पडायला लागला तेव्हा पहिल्यांदा किल्ल्या हरवल्या, मग चष्मा, मग देवघरातली मूर्ती फ्रिजमध्ये सापडली. आई घाबरून रडायची. तेव्हा नेल्दानं आणि तिच्या भावानं युक्ती काढली. काहीही हरवलं की दोघांपैकी एकानं म्हणायचं, “मीच नेलं होतं गं आई, मीच ठेवलं तिकडे.” पुढं पुढं शेजारीपाजारी, दूधवाला, डॉक्टरसुद्धा त्यात सामील झाले. “सगळं घर चोर झालं,” नेल्दा हसून म्हणाली होती. “आणि आईला काय वाटायचं माहितीय? शेवटी शेवटी तिला कळायचं. मी ‘मीच नेलं’ म्हटलं की ती माझ्या गालावरून हात फिरवायची आणि काही बोलायची नाही.” मग म्हणाली होती, “मला दुसऱ्या कशाचं भय नाही, एबेर. ह्याचं आहे.” एबेरनं तेव्हा भोपळी परत देत काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं होतं, “तुला काय होतंय. तुला तर मी कुठल्या साली कुठला कंस विसरलो तेपण पाठ आहे.” आणि ते खरं होतं.

शुक्रवारी ती आली तेव्हा बाहेर वारा सुटला होता आणि चिनारांची पानं दारातून तिच्याबरोबर आत आली. केस कापून घेतले होते, निळा कोट नवा होता. आल्याआल्या तिनं ब्रूनोला टपली मारली, “काय रे, अजून लग्न नाही? बरं आहे, त्या पोरीचं नशीब बरं आहे.” लांब टेबलावर न्योकीचं भलं मोठं भांडं होतं, बटाट्याचे मऊ गोळे, वर टोमॅटोचा दाट रस्सा. एकोणतीस तारखेला प्रत्येकाच्या ताटलीखाली एक नोट ठेवायचा मान इथं नेल्दाचा, नोकरी सुटली तरी तो तिनं सोडला नव्हता. ती टेबलाभोवती फिरून सगळ्यांच्या ताटल्या उचलत नोटा सरकवत होती. जेवण झालं की ज्याची नोट त्यानं पाकिटात टाकायची आणि पुढच्या एकोणतिसापर्यंत मोडायची नाही. नोट जागेवर विसरणं म्हणजे घरी आलेल्या लक्ष्मीला दार लावणं. एबेरच्या ताटलीखाली नोट ठेवताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “वाळलास,” ती म्हणाली. “खात नाहीस का?” एबेरनं सांगायचं ठरवलेलं वाक्य घशाशी आलं, आणि त्यावर त्यानं एक न्योकी गिळला.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा नोएलियानं विषय काढला, आणि किती जपून काढला. आधी टिटवीचं कौतुक केलं, मग नव्या अवजाराला शिव्या घातल्या, मग म्हणाली, “नेल्दा, तो शिक्का तुझ्याकडे घरी असेल का गं? इथं कुठं सापडत नाहीये.” नेल्दाचा काटा हवेत थांबला. “घरी? नाही. घरी कशाला नेईन? मशीनवर होता. आणि दुसरा...” तिनं एबेरकडे बघितलं. आरोप म्हणून नव्हे, शब्द आठवत नसला की शेजारच्याकडे बघतात तसं. “डब्यात होता ना?” सगळ्यांनी एबेरकडे बघितलं. त्या क्षणी हो म्हणायला फक्त मान हलवावी लागली असती, डिसेंबरात हलवली होती तेवढीच. “मशीनवर तर काही नव्हतं,” एबेर म्हणाला. आणि हे वाक्य आज पाहिलं तर खरंच होतं, मशीनवर काही नव्हतं. ब्रूनोनं तोंड उघडलं. त्याला तो डबा, ती खुळखुळ आठवत असेल का? पण ब्रूनोनं फक्त पाव तोडला. त्यानं त्या दुपारी असे दहा विनोद ऐकले असतील, त्यातला हा एक. नेल्दानं काटा खाली ठेवला. “मग मीच कुठंतरी हरवला असणार,” ती म्हणाली. “अरे देवा. त्या बायाबापड्यांना आता काय सांगायचं.” “अगं, आम्ही सकाळचं संध्याकाळी विसरतो,” ब्रूनो म्हणाला, आणि दुसऱ्या कुणीतरी विषय हलका करायला विचारलं, ॲपचं नाव टिटवी ठेवायचं कुणाला सुचलं. “मलाच,” नेल्दा म्हणाली. “जिवाच्या आकांतानं ओरडणारं दुसरं पाखरू कुठलंय आपल्याकडे?” “आणि लबाडही,” नोएलिया म्हणाली. “ओरडते एकीकडे, अंडी असतात दुसरीकडे. माझे आजोबा राजकारण्यांना टिटव्या म्हणायचे.” सगळे हसले. नेल्दाही हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. एबेरचे कान पेटले होते. भर सभेत नागडं उभं राहावं आणि कुणाचं लक्षच जाऊ नये, तसं त्याला वाटत होतं, आणि लक्ष जात नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटत होतं. ते दुसरं वाटणं जास्त वाईट होतं.

भांडी धुवायला ती स्वयंपाकाच्या कोनाड्यात गेली, पाहुणी असूनही. एबेर फडकं घेऊन मागे गेला. आता सांगायचं. नळाचं पाणी जोरात होतं, बाहेरचं कुणी ऐकणार नव्हतं, ह्याहून बरी जागा नव्हती. पण तीच आधी बोलली. पाठमोरीच बोलली. “एबेर, तुला एक विचारते. खरं सांगायचं, मला बरं वाटावं म्हणून नाही.” त्यानं एक ताटली पुसायला घेतली. “शेवटच्या दिवशी मी तुझ्या हातात डबा दिला होता का रे? लाल? मला अगदी समोर दिसतंय. तुझ्या शर्टाला केक लागला होता, मी पुसला, आणि म्हटलं, डबा टाकू नकोस. दिला होता का?” आता तिनं वळून बघितलं. साबणाचे हात तिनं पोटाशी धरले होते. एवढं सगळं तिला आठवत होतं, रुमालापर्यंत, केकपर्यंत, आणि त्यानं फक्त हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग तो गेला कुठं, आणि मग मघाशी का नाही बोललास, सगळ्यांच्या देखत. मंगळवारचं एक वाक्य झाकायला आज दुपारचं एक लागलं होतं, आता हे तिसरं. “नाही गं,” एबेर म्हणाला. “मला नाही आठवत. केक लागला होता, ते आठवतंय. डबा नाही.” केकचं त्यानं मुद्दाम घातलं. थोडं खरं मिसळलं की बाकीचं खपतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. “डबा नाही,” नेल्दा म्हणाली. “बरं.” ती पुन्हा नळाकडे वळली. धुतलेलीच ताटली तिनं परत धुतली. “भाऊ म्हणत होता, डॉक्टरांकडून तपासून घे. मी म्हटलं, कशाला, मला सगळं आठवतं. पण जे झालंच नाही ते आठवायला लागलं तर काय करायचं? आईचं सुरुवातीला असंच झालं होतं. मोठ्या खात्रीनं सांगायची.” एबेर ताटल्या पुसत राहिला. त्याच्या हातातून एकही निसटली नाही.

ती लवकर निघाली. नेहमी अर्धा तास दारात उभी राहून बोलणारी बाई, पण आज सगळ्यांच्या गालांना गाल लावून झाल्यावर थांबली नाही. एबेर तिच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून राहिला. त्याला तिचं ते ‘बरं’ ऐकू येत होतं. पहिल्यांदा त्यानं तिचा शिक्का घालवला, ते हातून घडलं म्हणता येईल. मग तिच्यावर ढकललं, ते जिभेचं पाप म्हणता येईल. पण मघाशी त्यानं तिच्या डोक्यातून एक खरी गोष्ट काढून घेतली होती, आणि काढताना तिच्या डोळ्यांत बघितलं होतं. ह्याला कुठलं नाव द्यायचं? रिकाम्या जागा भरायला आता तिच्याकडे एकच शब्द होता, आईच्या आजाराचा. ती आज घरी जाईल, किल्लीनं दार उघडेल, आणि उघडताना स्वतःच्या हाताकडे बघेल. रोज बघेल. असं कुणाला जगायला लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तो उठला, आणि उठताना टेबलावरच राहून गेलेली नेल्दाची ताटली हलवली. खाली नोट होती. सगळ्यांच्या नोटा सरकवणारी नेल्दा आपली नोट विसरून गेली होती. एबेरनं ती उचलली आणि जिना उतरून पळत सुटला. पळायला काहीतरी कारण हातात आहे, ह्याचं त्याला बरं वाटलं. नुसतं खरं बोलायला पळत जायची त्याला सवय नव्हती.

‘अठरा जुलै’ नावाच्या रस्त्यावरच्या बसथांब्यावर ती उभी होती, कोटाची कॉलर वर केलेली, वारा तोंडावर घेत. एबेर धापा टाकत होता. त्यानं नोट पुढं केली. नेल्दानं नोटेकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा नोटेकडे. “माझी?” ती म्हणाली. “मी ठेवून आले?” तिचा चेहरा बघून एबेरला कळलं की आपण काय घेऊन आलो आहोत. “बघ,” ती अगदी हळू म्हणाली. “इतक्या वर्षांत कधी नाही विसरले.” “नेल्दा, ऐक,” तो म्हणाला. शब्द आता सगळे एकदम आले, दम लागलेला असल्यामुळे तुटक आले. “डबा तू दिला होतास. माझ्या हातात दिलास. लाल होता, बटणं होती त्यात, सुई-दोरा होता. मी कचऱ्यात टाकला. मशीनपण मीच पुसलं. मंगळवारी नोएलियानं विचारलं तेव्हा मी तुझं नाव घेतलं, आणि मघाशी आत मी खोटं बोललो. तू काही विसरलेली नाहीस. मीच केलं सगळं, नेल्दा. मीच केलं.”

नेल्दा ऐकत होती. मध्ये एकदाही तिनं त्याला थांबवलं नाही. तिचा चेहरा आधी ताठ होता, मग हळूहळू सैल झाला, आणि एबेरला वाटलं, आता ती थोबाडीत मारील, आणि मारली तर किती बरं होईल. तिनं हात वर केला. थंड हात त्याच्या गालावर ठेवला आणि खालपर्यंत फिरवला.

“किती रे गुणाचा आहेस,” ती म्हणाली.

“नाही, नेल्दा. खरं सांगतोय.”

“बटणं काय, सुई-दोरा काय. सगळं नीट जुळवून आणलंस.” ती हसायचा प्रयत्न करत होती. “मी मघाशी लाल म्हटलं ना, ते बरोबर लक्षात ठेवलंस. माझा भाऊ इतका हुशार नव्हता. तो एकदा म्हणाला, आई, तुझी कवळी मीच लावून गेलो होतो कामावर.”

“नोएलियाला सांगतो मी. आत्ता वर जाऊन सगळ्यांपुढे सांगतो. ब्रूनोला विचार, तो होता तिथं, त्यानं बघितलंय.”

“नको,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात भीती आली. “एबेर, तेवढं करू नकोस. सगळ्यांना त्यात ओढू नकोस. एकदा सगळे सामील झाले ना, की मग माणसाला कुणालाच काही विचारता येत नाही.”

बस आली. ती चढली, चढताना तिनं दांडा घट्ट धरला, पूर्वी धरत नसे इतका घट्ट. एबेर फुटपाथवर उभा राहिला. वर जाऊन तो सांगणारच होता, आता कुणाचं भय उरलं नव्हतं, लाजेचंही नाही. नोएलिया रागावेल, मग रडवेली होईल, मग नेल्दाला फोन करील आणि म्हणेल, अगं, एबेरनंच टाकला होता. ब्रूनोही म्हणेल, हो, मी पाहिला होता डबा. आणि पलीकडे नेल्दा म्हणेल, बरं. सिग्नल लाल होता, बस पुढंच खोळंबली होती. खिडकीशी नेल्दा बसली होती. तिनं पर्स उघडून नोट आत ठेवली, मग घराच्या किल्ल्या बाहेर काढून बघितल्या, परत ठेवल्या, पर्स बंद केली. सिग्नल सुटायच्या आत तिनं ती पुन्हा उघडली.